विद्यार्थी की नोकर?

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स या गावी ब्राउन विद्यापीठ आहे. सन २००१ च्या डिसेंबरात तेथील कित्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका प्रश्नावर गुप्त मतदान केले. प्रश्न साधा होता. वेतन व कामाच्या अटी यांविषयी विद्यापीठाशी बोलणी करावयास आपल्या वतीने एखादी कामगार संघटना असावी की नसावी? मतदान सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली पार पडले. परंतु मते मोजली गेली नाहीत. विद्यापीठाने वॉशिंग्टन येथील वरिष्ठ मंडळाकडे दाद मागितली होती आणि तिचा निकाल लागेपर्यंत मतपत्रिका मोहोरबंद ठेवण्यात आल्या. निकाल लागावयास अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. जुलै २००४ मध्ये मंडळाने सांगितले की, हे मतदार मुळात विद्यार्थी होत, नोकर नव्हेत. सबब असे मत देण्याचा कायदेशीर हक्कच त्यांना नव्हता. ती मते कोणत्या बाजूने पडली होती, हे कोणासही कळले नाही.

मोहोरबंद राहिलेल्या त्या मतांमागे जो वाद आहे तो अर्धशतकाहून जुना आहे, आणि तो समजावयाचा तर हे विद्यार्थी विद्यापीठात करतात तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठात पदवीच्या प्रारंभीच्या वर्गांना प्राध्यापक आठवड्यातून दोन-तीन वेळा प्रशस्त सभागृहात व्याख्यान देतात. समोर शंभर, दोनशे, क्वचित त्याहूनही अधिक विद्यार्थी बसलेले असतात. पुढे हा समुदाय लहान लहान तुकड्यांत विभागला जातो व प्रत्येक तुकडी एका अध्यापन-सहायकाच्या हवाली होते. व्याख्यानात न उमगलेले पुन्हा समजावून देणे, उदाहरणे सोडवून घेणे, प्रयोगशाळेत मुलांच्या पाठीशी उभे राहणे, निबंध व उत्तरपत्रिका तपासून गुण मांडणे, ही सारी कामे त्याची. हा सहायक स्वतः डॉक्टरेटचा अभ्यास करीत असतो. त्या बदल्यात त्याला शिक्षणशुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते वेतन मिळते. दुसरा प्रकार संशोधन-सहायकांचा. प्राध्यापकाने बाहेरून मिळविलेल्या अनुदानावर तो त्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. येथे गुंता अधिक आहे. कारण जे काम तो वेतनासाठी करतो तेच पुष्कळदा त्याच्या प्रबंधाचेही काम असते.

या सहायकांत परदेशांतून गेलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि पुणे, बडोदे, इंदूर, हैदराबाद, गोवा येथून गेलेली मराठी मुलेमुलीही त्यांत आहेत. विद्यार्थी म्हणून प्रवेश-परवाना मिळालेल्यास सत्र चालू असताना आठवड्यास वीस तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही आणि विद्यापीठाच्या आवाराबाहेर नोकरी करण्यास त्याला बहुतांशी मज्जाव असतो. म्हणजे त्याला शिकविणारा, पोसणारा आणि त्या देशात त्याचा पाय टिकवून धरणारा, असे तिन्ही हात एकाच संस्थेचे. वेतन कमी पडले, मार्गदर्शकाशी बिनसले किंवा आजारपण आले, तर तक्रार न्यावयाची कोणाकडे? या वादाला जी धार आहे ती येथून आली आहे.

आता कायद्याकडे वळू. सन १९३५ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा झाला. संघटना करण्याचा, मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा आणि संपाचा हक्क त्याने खाजगी क्षेत्रातील नोकरांना दिला. नोकर म्हणजे कोण? कायदा म्हणतो, नोकर या शब्दात कोणत्याही नोकराचा समावेश होईल. आपल्या नैयायिकांनी या व्याख्येस आत्माश्रयाचा दोष लावला असता. अर्थात कायद्याने काही अपवाद स्पष्ट सांगितले आहेत. शेतमजूर, घरगडी, आईबापांच्या अथवा पतिपत्नीच्या चाकरीत असलेला माणूस, हे नोकर नव्हेत. १९४७ च्या दुरुस्तीने पर्यवेक्षक आणि स्वतंत्र कंत्राटदार यांनाही वगळले. विद्यार्थ्याचे नाव या यादीत नाही, कधी नव्हते. तेव्हा तो आत की बाहेर, हे ठरविण्याचे काम श्रमसंबंध मंडळावर पडले.

हे मंडळ पाच सभासदांचे. राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या संमतीने त्यांची पाच-पाच वर्षांसाठी नेमणूक करावयाची आणि बहुमत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाकडे असावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. न्यायासनासारखे काम करणारे हे मंडळ त्यामुळे राजकारणाच्या वाऱ्याबरोबर दिशा पालटते, आणि विद्यार्थी-सहायकांच्या प्रश्नाइतके याचे ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. सरकारी विद्यापीठे मात्र या मंडळाच्या कक्षेत येत नाहीत. ती त्या त्या राज्याच्या कायद्याखाली आहेत. म्हणूनच विस्कॉन्सिन विद्यापीठातील अध्यापन-सहायकांनी १९७० साली संप करून करार मिळविला, त्या वेळी खाजगी विद्यापीठांतील त्यांच्या बंधूंपुढे कायद्याचा दरवाजा अजून नीट उघडलाही नव्हता.

तो दरवाजा किलकिला झाला १९७० मध्येच. त्यापूर्वी, १९५१ साली, कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळाने असे ठरविले होते की, नफ्यासाठी न चालणाऱ्या शिक्षणसंस्थांच्या भानगडीत आपण पडावयाचे नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकरणात हे धोरण सोडले गेले आणि खाजगी विद्यापीठे मंडळाच्या अधिकाराखाली आली. परंतु लवकरच, १९७२ साली ॲडेल्फी विद्यापीठाच्या आणि १९७४ साली स्टॅनफर्डच्या प्रकरणात, मंडळाने सहायकांना बाहेरच ठेवले. स्टॅनफर्डचे अर्जदार पदार्थविज्ञानातील संशोधन-सहायक होते. ते प्रामुख्याने विद्यार्थी आहेत, असे मंडळ म्हणाले. 'प्रामुख्याने' हा एकच शब्द पुढे तीस-चाळीस वर्षे या वादाच्या केंद्रस्थानी राहिला.

मध्यंतरी आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. सन १९८० मध्ये येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, तेथील पूर्णवेळ प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत इतका अधिकार गाजवितात की ते व्यवस्थापकच होत. सबब संघटनेचा कायदेशीर हक्क त्यांना नाही. आता हे दोन निवाडे शेजारी ठेवून पाहावेत. व्याख्यान देणारा प्राध्यापक नोकर नव्हे, कारण तो व्यवस्थापक. तेच व्याख्यान मुलांच्या गळी उतरविणारा सहायकही नोकर नव्हे, कारण तो विद्यार्थी. मग वर्गात शिकविण्याचे काम करीत होते तरी कोण?

येल विद्यापीठातील सहायकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. सन १९९५ च्या हिवाळी सत्राअखेर त्यांनी उत्तरपत्रिका तपासल्यावर गुण विद्यापीठाच्या हाती देण्याचेच नाकारले. गुणांवाचून सत्र संपेना. आपले काम हे काम आहे, हे सिद्ध करण्याचा याहून सोपा मार्ग नसेल. पण तो निर्दोष होता असेही म्हणता येत नाही, कारण ताटकळत राहिले ते पदवीचे विद्यार्थी. पुढे १९९९ मध्ये मंडळानेही अशा अर्धवट संपाला कायद्याचे संरक्षण नाही असे सांगितले. काही काम करावयाचे आणि काही अडवून धरावयाचे, ही रीत कायद्याला मान्य नाही.

त्यानंतर वर्षभरातच वारे फिरले. सन २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळाने प्रथमच म्हटले की, पदव्युत्तर सहायक हे नोकर आहेत. दोन वर्षांत त्या विद्यापीठाने सहायकांच्या संघटनेशी करार केला. खाजगी विद्यापीठातला हा पहिलाच करार. वेतन वाढले, आरोग्यविम्याचा भार विद्यापीठाने उचलला, अध्ययन-अध्यापन पूर्वीप्रमाणेच चालले. परंतु वॉशिंग्टनमध्ये सत्तांतर होऊन मंडळाचे सभासद बदलले आणि २००४ साली ब्राउनचा निर्णय आला. तीन विरुद्ध दोन. करार २००५ मध्ये संपताच न्यूयॉर्क विद्यापीठाने नवा करण्यास नकार दिला. संप झाला, तो पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळला आणि फसला. त्याच अवधीत त्या सहायकांच्या कामात कोणता फरक पडला होता? तेच वर्ग, त्याच उत्तरपत्रिका.

तथापि ब्राउनच्या निर्णयामागील विचार टाकाऊ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. बहुमताचे म्हणणे असे की, सहायकाचा विद्यापीठाशी असलेला संबंध हा मुळात शिक्षणाचा आहे, पैशाचा नव्हे. अध्यापन हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये वाटाघाटींचे टेबल आणून ठेवले, तर वर्ग किती मोठा असावा, काय शिकवावे, कोणी शिकवावे, येथपर्यंत सौदेबाजी चालेल आणि विद्येच्या स्वातंत्र्यास बाध येईल.

ही विचारसरणी आपणांस मुळीच अपरिचित नाही. सन १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसगाडीचे चालक नोकरीवरून कमी झाले, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकालपत्रात विद्यापीठाला उद्योग म्हणता येणार नाही असे सांगितले. हेच गजेंद्रगडकर सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रसिद्ध निकालाने ते मत मोडीत निघाले आणि शिक्षणसंस्था उद्योगाच्या व्याख्येत आली. पण १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने म्हटले की, शाळा उद्योग असली तरी औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. विद्यादानाचे उदात्त कार्य अंगमेहनतीच्या, कारागिरीच्या अथवा कारकुनीच्या कामात बसत नाही. तेथील शिपाई कामगार ठरू शकतो, कारकून ठरू शकतो. शिकविणारी बाई तेवढी नाही. शिक्षकाला सन्मानाने उंच आसनावर बसवावयाचे आणि त्या आसनावर कायद्याचा हात पोहोचू द्यावयाचा नाही, ही रीत दोन्ही देशांत दिसते. त्या निकालातच न्यायालयाने एवढे मात्र सुचविले की, शिक्षकांसाठी वेगळी न्यायव्यवस्था शासनाने करावी.

ब्राउनच्या निर्णयातील खरी चूक 'प्रामुख्याने' या शब्दात होती. माणूस एका वेळी एकच काही असतो, हे त्यात गृहीत धरलेले होते. मराठी माणसास तरी हे पटू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबत आणि शाळेत शिकत. श्रमाने त्यांचे विद्यार्थीपण उणे झाले, असे कोणी म्हटले नाही. अमेरिकेतही कारखान्यातला उमेदवार शिकतो आणि कमावतो. त्याला नोकर म्हणावयास तेथील कायद्याला कधी संकोच वाटला नाही.

सन २०१६ च्या ऑगस्टमध्ये मंडळाने नेमके हेच म्हटले. प्रकरण पुन्हा कोलंबिया विद्यापीठाचे होते. ज्याच्या नावाने १९५१ साली दरवाजा बंद झाला होता त्याच्याच नावाने तो उघडला. तीन विरुद्ध एक मताने मंडळाने ठरविले की, विद्यापीठाच्या सांगण्यावरून व देखरेखीखाली मोबदल्यासाठी जो काम करतो तो नोकर होय. त्याचे विद्यापीठाशी आणखीही काही नाते आहे म्हणून हे नाते पुसले जात नाही. शिवाय मंडळापुढे सरकारी विद्यापीठांचा अनेक दशकांचा अनुभव होता. तेथे संघटना होत्या, करार होते, आणि गुरुशिष्यसंबंध तुटल्याचा पुरावा नव्हता. सन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संघटना असलेल्या व नसलेल्या विद्यापीठांतील सहायकांची तुलना केली होती. संघटना असलेल्या ठिकाणी प्राध्यापकांशी संबंध बिघडल्याचे त्यातही आढळले नाही.

विरोधी मत देणारे सभासद फिलिप मिस्किमारा यांचा इशारा मात्र ऐकून घेण्यासारखा होता. त्यांचे म्हणणे, विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पदवी वेळेवर पुरी होणे. कामगार कायद्याची हत्यारे दुधारी असतात. संप आला की टाळेबंदीही आली. वेतन थांबेल, शुल्कमाफी थांबेल, आणि नुकसान होईल ते शिकणाऱ्याचेच. पुढे कोलंबियात जे घडले ते या इशाऱ्याला अगदीच धरून झाले नाही, पण त्याला खोटे पाडणारेही नव्हते. डिसेंबर २०१६ च्या मतदानात १६०२ विरुद्ध ६२३ मतांनी संघटना निवडून आली. विद्यापीठाने तिच्याशी बोलावयाचेच नाकारले. एक संप २०१८ च्या वसंतात झाला. त्या वर्षअखेर विद्यापीठ बोलणी करण्यास राजी झाले. २०२१ मध्ये आणखी दोन संप झाले, त्यांतला दुसरा सुमारे दहा आठवडे, ऐन थंडीत, चालला. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला. मतदान आणि करार यांमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. ज्यांनी प्रथम मत दिले त्यांपैकी पुष्कळजण तोवर पदवी घेऊन निघून गेले असतील. कामगार संघटनेच्या इतिहासात ही एक निराळीच अडचण आहे. येथे कामगारच दर पाच-सात वर्षांनी बदलतो.

या झगड्यात केवळ वेतनाचा प्रश्न होता असे समजणे चुकीचे होईल. कोलंबिया व हार्वर्ड या दोन्ही ठिकाणी अतिशय तीव्रतेने पुढे आलेली एक मागणी अशी होती की, छळाच्या अथवा पक्षपाताच्या तक्रारीचा निर्णय विद्यापीठाबाहेरील त्रयस्थ लवादाकडे जाण्याची सोय असावी. या मागणीमागे एक सरळ विचार आहे. गिरणीतल्या कामगाराचे मुकादमाशी पटले नाही तर तो दुसऱ्या गिरणीत जाऊ शकतो. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचा मुकादम म्हणजे तिचा मार्गदर्शक. प्रबंधावर सही त्याची, शिफारसपत्र त्याचे, प्रयोगशाळेची किल्लीही त्याच्याचकडे. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे चार-पाच वर्षांच्या श्रमांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे. कोलंबियाच्या करारात त्रयस्थ लवादाची तरतूद झाली. हार्वर्डच्या २०२० च्या पहिल्या करारात ती होऊ शकली नाही. गुरुशिष्यसंबंधाचे पावित्र्य ज्यांनी ब्राउनच्या वेळी पुढे केले, त्यांनी या बाजूचा विचार पुरेसा केला होता असे दिसत नाही.

ख्रिस्ती संस्थांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरेही पाहण्यासारखी आहेत. चर्चने चालविलेल्या शाळांतील शिक्षकांवर श्रमसंबंध मंडळाचा अधिकार चालत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरविले होते. येशूसंघाच्या बॉस्टन कॉलेजात २०१७ साली सहायकांनी संघटनेच्या बाजूने मत दिले, तेव्हा संस्थेने याच धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन विरोध केला. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठही येशूसंघाचेच. त्यानेही प्रथम नकार दिला. पण २०१८ मध्ये मंडळाला बाजूला ठेवून खाजगी लवाद संस्थेच्या देखरेखीखाली मतदान घेण्यास ते राजी झाले, निकाल मान्य केला आणि २०२० मध्ये करारही केला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रात कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काचा उघड पुरस्कार केला होता. दोन्ही संस्था त्याच परंपरेत वाढलेल्या. एकीने कायद्याने देऊ केलेली सूट मागितली, दुसरीने सूट असूनही बोलणी केली.

मंडळाला बाजूला ठेवण्याचे कारणही गमतीचे आहे. सत्तापालट होऊन २०१७ मध्ये नवे सभासद आले, तेव्हा आपले प्रकरण वरपर्यंत गेले तर कोलंबियाचा निर्णयच उलटविला जाईल, अशी धास्ती संघटनांना पडली. म्हणून २०१८ मध्ये येल, शिकागो, बॉस्टन कॉलेज येथील संघटनांनी आपण होऊन आपले अर्ज परत घेतले. हक्क टिकवावयाचा तर तो मागू नये, अशी ही स्थिती! सन २०१९ मध्ये मंडळाने विद्यार्थी-सहायकांना वगळणारा नियमच प्रस्तावित केला; पुन्हा सत्तांतर झाले आणि मार्च २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. ब्राउनच्या सहायकांनी मंडळाच्या वाटेस न जाता २०१८ मध्ये दुसऱ्यांदा मतदान केले. या वेळी मते मोजली गेली आणि संघटना निवडून आली. येलमध्ये तीन दशकांच्या खटाटोपानंतर जानेवारी २०२३ मध्ये १८६० विरुद्ध १७९ असा कौल मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मंडळाच्या एका सभासदाला मुदतीपूर्वीच दूर केले. गणसंख्येअभावी त्या वर्षाचा बहुतेक काळ मंडळाला निर्णयच देता आले नाहीत.

काम करतो तो नोकर, ही कसोटी वरवर सोपी वाटली तरी तिचीही एक कड आहे आणि तेथे नवा वाद उभा राहिला आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सहायकांनी एप्रिल २०२२ मध्ये संघटना निवडली. त्यानंतर प्रश्न आला तो शिष्यवृत्तीधारकांचा. त्यांना पैसे मिळतात, पण ते एखादे नेमून दिलेले काम करण्याच्या अटीवर नव्हे; अभ्यासात प्रगती झाली की पुरे. मार्च २०२३ मध्ये मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने निर्णय दिला की, हे मोबदल्यासाठी केलेले काम नव्हे, सबब शिष्यवृत्तीधारक नोकर नव्हेत. एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्राध्यापकाच्या हाताखाली, शेजारशेजारच्या बाकांवर दोन विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत एकाच जातीचे प्रयोग करीत असतात. एकाचे पैसे अनुदानातून येतात, दुसऱ्याचे शिष्यवृत्तीतून. कायद्याच्या दृष्टीने त्यांतला एक नोकर आहे आणि दुसरा नाही. आणि पुढल्या वर्षी पहिल्याला शिष्यवृत्ती मिळाली व दुसऱ्याची संपली, तर दोघांची अदलाबदल होते.